डागडुजी आणि जीर्णोद्धार : लाराबंगाच्या मशिदीच्या निमित्ताने

मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा शब्द जितका भारदस्त आहे, तितकाच ‘डागडुजी’ हा शब्द गरीब आहे. जीर्णोद्धाराची समिती होते, पावतीपुस्तके छापली जातात, कोनशिला बसते, आणि काम पुरे झाल्यावर देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली जातात. डागडुजीची कोनशिला बसवल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. ती मृग लागण्याच्या आधी उरकून घ्यायची असते आणि पुढच्या वर्षी पुन्हा करायची असते. जुन्या दप्तरी मराठीत तिला ‘मरामत’ असाही शब्द होता. तो बोलण्यातून आता बराचसा गेला. जुन्या इमारती राखण्याविषयी आम्हांला जे काही म्हणायचे आहे ते या दोन शब्दांमधल्या अंतराविषयीच आहे, आणि ते म्हणण्यासाठी वाचकांना आधी पश्चिम आफ्रिकेतील एका खेड्यात न्यावे लागणार आहे. तेथून परत मराठवाड्यात यायचे आहे, हेही सांगून ठेवतो.

घाना देशाच्या उत्तर भागात, मोले राष्ट्रीय उद्यानाला लागून, लाराबंगा नावाचे गाव आहे. २०१९ पासून तो मुलूख सव्हाना या नव्याने झालेल्या प्रांतात मोडतो. या गावात मातीची एक मशीद आहे. आकाराने अगदी लहान : सुमारे आठ मीटर लांब आणि तितकीच रुंद. तिच्या भिंतींना बाहेरून निमुळत्या होत गेलेल्या, पोटाशी फुगीर अशा मातीच्या टेकूंचा आधार दिलेला आहे, आणि त्या टेकूंमधून व दोन मनोऱ्यांमधून लाकडाचे आडवे दांडके बाहेर डोकावतात. एक मनोरा मिनाराचा. दुसरा मिहराबावरचा, पूर्वेच्या बाजूस. (मक्का तेथून पूर्वेला येते. पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिलेली नमाजाची रांग पाहण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे क्षणभर उलटे वाटते.) बाहेरून पांढरा रंग आणि त्यातून निघालेले काळे दांडके, असे तिचे रूप छायाचित्रात प्रथम पाहिले तेव्हा ती बांधलेली वास्तू आहे यापेक्षा जमिनीतून वर आलेले वारूळ आहे असेच आम्हांला वाटले होते.

गावची परंपरा तिचा काळ १४२१ हा सांगते. काही अभ्यासक ती याहून बरीच अलीकडची मानतात. कथा अशी की, आयुबा नावाचा एक प्रवासी व्यापारी तेथे मुक्कामाला थांबला असता त्याला स्वप्नात मशीद बांधण्याची आज्ञा झाली. सकाळी उठून पाहतो तो पाया तयार. त्याने भाला फेकला होता, तो जेथे पडला तेथवर गाव वसले. आणि मशिदीजवळच्या गोरखचिंचेखाली त्याची कबर आहे. मशिदीशी निगडित एक जुने कुराणही गावात जपलेले असून ते स्वर्गातून आले अशी श्रद्धा आहे. आपल्याकडच्या स्थलपुराणांचे वाचन केलेल्या कोणालाही ही कथा ओळखीची वाटेल. तारीख खरी की खोटी हा वाद आम्ही येथे बाजूस ठेवतो, कारण मातीच्या इमारतीच्या बाबतीत ‘किती जुनी’ या प्रश्नाचा अर्थच थोडा बदलतो. दगडी देवळाचा दगड सातशे वर्षांपूर्वीचा असू शकतो. मातीच्या भिंतीवरचा आजचा गिलावा मात्र अलीकडच्याच एखाद्या उन्हाळ्यातला असणार. जुनी असते ती बांधणीची रीत, आणि ती रीत दरवर्षी हातांनी पुन्हा करून दाखवावी लागते.

१९७०च्या दशकात या मशिदीवर सिमेंटसारख्या, पाणी न झिरपणाऱ्या गिलाव्याचा थर चढवला गेला. हेतू उघड होता : दरसालच्या मातीच्या कामातून सुटका, आणि इमारत कायमची पक्की. झाले उलटे. मातीची भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हात ते सोडून देते. सिमेंटचा थर कडक. माती फुगते-आखडते तसा तो हलत नाही, म्हणून त्याला तडे जातात. तड्यांतून पाणी आत शिरते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून भिंत कोरडी, पांढरीशुभ्र. आतून माती मऊ होत चाललेली, आणि त्या ओलीत लाकडाला वाळवी. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २००२ सालच्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत लाराबंगाचे नाव घातले, आणि त्याच वर्षी एका वादळाने मिनाराची व मिहराबाच्या मनोऱ्याची मोठी हानी केली.

पुढे जे काम झाले त्याचा तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. अमेरिकन एक्सप्रेसच्या पन्नास हजार डॉलरांच्या साहाय्यातून, घानाचे वस्तुसंग्रहालय व स्मारक मंडळ आणि मातीच्या बांधकामाचा अभ्यास करणारी क्रातेर ही फ्रेंच संस्था यांच्या सहभागाने जी दुरुस्ती झाली, तिचे पहिले काम काहीतरी नवे घालण्याचे नव्हतेच. सिमेंट काढून टाकणे हे पहिले काम होते. मग कुजलेली लाकडे बदलली, मनोरे पुन्हा उभे केले, आणि वर पूर्वीसारखा मातीचा गिलावा दिला. हा गिलावा कसा कालवायचा आणि कसा द्यायचा हे शिकणे-शिकवणे हाही त्या दुरुस्तीचा एक भाग करावा लागला. तीस वर्षांच्या सिमेंटखाली भिंत जशी मऊ झाली होती तशीच गावाची सवयही सुटत चालली होती. उत्तर घानात मातीच्या गिलाव्यावर एका जातीच्या झाडाच्या शेंगांची टरफले उकळून काढलेला लालसर काढा फिरवतात. त्याने पाणी बरेच थोपते. कोणत्या झाडाची शेंग, किती उकळायची, हे पुस्तकात सापडेल. पण काढा दाट झाला की नाही हे ओळखणारी बाई पुस्तकात सापडत नाही.

येथे कोणी म्हणेल की खेडुतांच्या अडाणीपणाने सिमेंट चढले आणि शहाण्या संस्थांनी ते काढले, एवढाच हा बोध आहे. तसे वाचणे आम्हांला मान्य नाही. माली देशातील जेन्ने या गावाचे उदाहरण याच्या आड येते. जेन्नेची मोठी मशीद आजच्या रूपात १९०७ सालची. ती मातीची आहे, आणि तिचा वार्षिक गिलावा हा गावाचा सण असतो : भाताचा कोंडा घालून आधीपासून कुजत ठेवलेली चिखलमाती तरुण पोरे टोपल्यांतून धावत आणतात, बाया-मुली पाणी आणतात, आणि भिंतीतून बाहेर निघालेल्या ताडाच्या जुडग्यांवर पाय देऊन गवंडी वर चढतात. जुने गवंडी खाली बसून चुका काढतात. १९८८ साली हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यानंतर रहिवाशांची एक तक्रार वारंवार ऐकू येऊ लागली : आमच्या घरात फरशी घालायची, न्हाणीघर बांधायचे, तर तुम्ही ‘वारसा’ म्हणून अडवता. २००६ साली मशिदीच्या छताची पाहणी करायला तज्ज्ञ वर चढले तेव्हा गावात दंगल उसळली. आपल्या मशिदीवर कोण चढते आणि कोणाला विचारून, हा प्रश्न त्या दंगलीत होता असे आम्ही समजतो. तज्ज्ञांचे म्हणणे चुकीचे नव्हते. २००९ च्या नोव्हेंबरात मुसळधार पावसानंतर एका मनोऱ्याचा भाग खरोखरच ढासळला, आणि आगा खान न्यासाने पुढे जे काम केले त्यात वर्षानुवर्षांचे साचलेले थर उतरवून भिंतीवरचा भार हलका करावा लागला.

म्हणजे डागडुजीही निर्दोष नसते. नुसते घालत गेले आणि काढले नाही, तर प्रेमाचेच ओझे होते.

हे वाक्य लिहिताना आम्हांला किल्लारी आठवल्यावाचून राहिली नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणेशविसर्जनानंतरची पहाट. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. त्यांतली पुष्कळशी माळवदाखाली गेली. ज्या वाचकांनी माळवदाचे घर पाहिले नसेल त्यांच्यासाठी : दगड-मातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार, थंडीत उबदार. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली; जुनी खरवडून काढण्याचे मात्र राहून गेले, आणि काही घरांवर तो थर हातभर, दीड हातभर झाला. भूकंपात आधी भिंतींचे गोटे विस्कटले, मग ते सगळे वजन झोपलेल्या माणसांवर आले. त्यानंतर त्या भागात मातीविषयी कोणी काही चांगले बोलले तर ते ऐकून घेण्याची कोणाची तयारी नव्हती, आणि का असावी? ‘स्लॅब’ या शब्दात तेथे सुरक्षिततेची जी भावना भरलेली आहे तिला अडाणीपणा म्हणणारा माणूस त्या वर्षी तेथे नव्हता एवढेच समजावे.

आम्हा दोघांपैकी एकाचे गाव किल्लारीहून फार लांब नाही. गढीच्या उतारावर तेथे एक लहानशी मशीद आहे. तिच्यावर शिलालेख नाही. गावात ती निजामाच्या आधीची म्हणतात. दगडी भिंती, आतून चुन्याचा गिलावा, भिंतीत कोनाडे, वर माळवद. भूकंपात भिंती तगल्या, माळवद एका अंगाला खचले. १९९५ साली ते उतरवून स्लॅब टाकला, आणि तो निर्णय योग्यच होता असे आम्ही आजही म्हणतो. २००६ साली मात्र समितीने भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचे प्लास्टर आणि कमरेइतक्या चकचकीत टाइल्स बसवण्याचे ठरवले. वर्गणी सगळ्या गावाने दिली. आम्हीही दिली. वर्गणीच्या आवाहनाचे पत्रक आम्ही दोघांनी लिहून दिले आणि त्यात ‘मशिदीचा जीर्णोद्धार’ असे शब्द घातले. ते कोणालाच खटकले नाहीत. मौलवीसाहेबांना नाही, सरपंचांना नाही, आणि एम.ए.ला मराठी शब्दांच्या अर्थच्छटा शिकवणाऱ्या आम्हांला तर नाहीच.

दहा-एक वर्षांत टाइल्सच्या वर भिंतीतून ओल फुटली. मग पांढरी खारट पूड. रंग दिला की महिन्याभरात पापुद्रे. समितीने दोनदा रंग दिला, एकदा कसलेसे रसायन मारले. मशिदीची झाडलोट करणारे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारा गाव चाचा म्हणतो, ते भिंतीवर हात ठेवून म्हणाले, “सर, पूर्वी हिला घाम यायचा, वाळायचा. आता हिला रेनकोट घातलाय.” लाराबंगाची हकीकत आमच्या वाचनात त्यानंतर आली, आणि हे चाचांचेच म्हणणे एवढ्या दुरून परत ऐकू आले असे वाटले. त्यांना ती छायाचित्रे दाखवली तेव्हा त्यांनी बराच वेळ पाहिली, आणि नंतर आमच्या सगळ्या उत्साहावर एका प्रश्नाने पाणी ओतले : “चांगलंय हो सर. पण तुम्ही लातूरला राहणार. दरसाल शिडी लावून वर कोण चढणार?”

या प्रश्नाला संवर्धनाच्या परिभाषेत उत्तर नाही, असे आमचे मत झाले आहे. स्मारक म्हणून नोंद करून घ्या, फलक लावा, कुंपण घाला, हे उपाय सरकारी यादीत बसणाऱ्या वास्तूंना ठीक. ज्या मशिदीत दिवसातून पाच वेळा माणसे येतात, वजू करतात, जेथे शुक्रवारी अंगणात चटया अंथराव्या लागतात, तिला कुंपण घालणे म्हणजे तिचे काम बंद पाडणे होय. आयव्हरी कोस्टच्या उत्तरेकडील अशाच आठ लहान मातीच्या मशिदी २०२१ साली जागतिक वारसा यादीत आल्या. त्या प्रसंगी नोंदवले गेले की विसाव्या शतकाच्या आरंभी त्या देशात अशा मशिदी शेकड्यांनी होत्या आणि आता वीस-एक उरल्या आहेत. बाकीच्या पडल्या हे खरे, पण कित्येक ठिकाणी लोकांना मोठी, पक्की, पंख्यांची मशीद हवी होती हेही तितकेच खरे असणार. मोठी मशीद हवी वाटणे हा गुन्हा नाही. नायजरमधील यामा या गावचे उदाहरण येथे आठवते. १९६२ साली गावकऱ्यांनी मातीचीच मशीद बांधली, आणि पुढे फाल्के बार्मू या गावच्याच गवंड्याने ती वाढवली, तिला घुमट आणि मनोरे दिले. १९८६ साली तिला आगा खान पुरस्कार मिळाला. जुने रूप जसेच्या तसे राखण्याचा तेथे कोणाचा आग्रह नव्हता, पण बांधणारे हात आणि पायाखालची माती तीच राहिली.

आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना हे सगळे परके वाटू नये. ज्ञानेश्वरीचा पाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केला, ही गोष्ट आपण दरवर्षी शिकवतो. तीनशे वर्षांत नकलकारांच्या हातून चढलेले थर त्यांनी उतरवले, आणि शेवटी, यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असा कडक इशाराही दिला. पुढे राजवाड्यांनी १९०९ साली आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा त्यांची दृष्टी वेगळी होती. एकनाथांच्याही मागे जाऊन मूळ गाठायचे, ही. दोघांचे मोठेपण आम्ही मानतो. पण ज्ञानेश्वरी इतकी शतके टिकली ती या दोन प्रसंगांमुळे नव्हे. ती रोज वाचली गेली, उतरवून घेतली गेली, पोथी जीर्ण झाली की दुसरी केली गेली, म्हणून शुद्ध करायला काही शिल्लक राहिले. नकलकार चुका करत होता; पण तो नसता तर एकनाथांसमोर पोथी आली नसती. संशोधक आणि नकलकार यांच्यात आपण अभ्यासक्रमात पहिल्याला पूर्ण व्याख्यान देतो आणि दुसऱ्याला ‘अपपाठाचे कारण’ म्हणून एक ओळ. इमारतींच्या बाबतीतही आपली नजर तीच आहे, असे आम्हांला वाटते. वास्तुविशारदाचे नाव लागते, राजाचे लागते, देणगीदाराचे लागते. दर ज्येष्ठात शिडी लावणाऱ्याचे लागत नाही. असो. हे रूपक याहून ताणले तर तेही एक प्रकारचे प्लास्टरच होईल.

मातीचे गोडवे गाऊन कोणी पुन्हा माळवदे घाला असे आम्ही म्हणत नाही. स्लॅब राहू द्यावा. जेथे जीव धोक्यात येतो तेथे जुने ते बदललेच पाहिजे, आणि हे किल्लारीच्या परिसरातल्या माणसाला शिकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण भिंतीवरचे सिमेंट हा जिवाचा प्रश्न नव्हता. ती केवळ दरसालच्या कामातून कायमचे मोकळे होण्याची इच्छा होती, आणि आम्ही तिला ‘उद्धार’ असे नाव दिले. त्या वर्षी वर्गणीच्या निम्म्या पैशांत चुन्याचा गिलावा झाला असता आणि उरलेले पैसे पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवता आले असते. पण ‘पुढच्या दुरुस्तीसाठी’ वर्गणी मागणारे पत्रक आम्ही लिहिले असते का, आणि लिहिले असते तर कोणी पैसे दिले असते का, याचा विचार केला की समितीला दोष देण्याचा धीर होत नाही.

गेल्या हिवाळ्यात समितीच्या संमतीने मागच्या भिंतीवरचे दोन हात लांब, दोन हात रुंद एवढे प्लास्टर काढून पाहिले. आत जुना चुना बऱ्याच ठिकाणी शाबूत निघाला, आणि प्लास्टरखाली बुजवलेला एक कोनाडा. त्यात दिव्याची काजळी अजून होती. उघडा ठेवलेला तो तुकडा उन्हाळ्यात खणखणीत वाळला, आजूबाजूची भिंत मात्र ओलीच राहिली. हे पाहून समितीतले जे दोघे आमच्यावर हसत होते तेही रोज येऊन हात लावून जाऊ लागले. सगळी मागची भिंत मोकळी करून तिला चुना द्यावा असे आता ठरते आहे. शेजारच्या गावी एक गवंडी आहेत, वय सत्तरीच्या पुढे. घाणीतला चुना त्यांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली केलेला आहे. त्यांनी भिंत बोटाने ठोकून पाहिली, बेलफळे आणि गूळ किती लागेल ते सांगितले, आणि चुना निदान महिनाभर भिजला पाहिजे, घाई चालणार नाही, असे बजावले. शिडीवर मात्र आता आपल्याच्याने चढवत नाही, म्हणाले. नातू आला तर होईल. नातू लातूरला टाइल्स बसवण्याचे काम करतो आणि त्याचा रोज आजोबांनी मागितलेल्या रोजाच्या दुप्पट आहे. त्याच्याशी बोलायला येत्या रविवारी आम्ही आणि चाचा जाणार आहोत.